प्रोग्रामिंगची पहिली सेमिस्टर शिकवताय? या चुका टाळा

"सर, लेक्चरमध्ये सगळं समजतं, पण स्वतः लिहायला बसलं की काहीच सुचत नाही." मुंबईत एफवायच्या (पहिल्या वर्षाच्या) वर्गाला सी किंवा पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषा शिकवणाऱ्या प्रत्येकाला हे वाक्य तोंडपाठ असेल. त्यावर आपलं ठरलेलं उत्तर असतं, "प्रॅक्टिस कर." पण कशाची? दुसऱ्याने लिहिलेल्या चार ओळी वाचून आउटपुट काय येईल हे ज्याला सांगता येत नाही, त्याला कोऱ्या स्क्रीनसमोर बसवून काय हाती लागणार? पहिल्या सेमिस्टरच्या निम्म्या तक्रारींचं मूळ माझ्या मते इथेच आहे. आपण लिहायला लावतो आणि वाचायला शिकवतच नाही.

लिहिण्याची घाई

एक साधी परीक्षा घेऊन बघा. फळ्यावर या चार ओळी लिहा:

अ = 5
ब = 7
अ = ब
ब = अ

शेवटी अ आणि ब मध्ये काय आहे ते वहीत लिहायला सांगा. बोलायचं नाही, शेजाऱ्याच्या वहीत बघायचं नाही. खरं उत्तर दोन्हींत 7, पण "अ 7, ब 5" असं लिहिणारे बरेच निघतील, आणि त्यात बारावीला गणितात उत्तम मार्क मिळवलेलेही असतील. अदलाबदल करायचा हेतू त्यांना कळलेला असतो आणि तो कॉम्प्युटरलाही कळला असेल असं ते धरून चालतात. रॉय पी या संशोधकाने 1986 मध्येच हे नोंदवून ठेवलंय: यंत्राच्या आत आपलं म्हणणं समजून घेणारं कुणीतरी बसलंय, असं नवशिक्यांना नकळत वाटत असतं.

यावर उपाय जुनाच आहे, ड्राय रन, म्हणजे कोड कागदावर एकेक ओळ करत स्वतः चालवून बघणं. प्रत्येक व्हेरिएबलला (अ, ब अशा किंमत साठवणाऱ्या नावाला) एक रकाना, प्रत्येक ओळीला एक आडवी रांग, आणि नवी किंमत आली की जुनीवर काट. तिसऱ्या ओळीला अ च्या रकान्यातल्या 5 वर काट मारताना कुणीतरी विचारतं, "मग 5 गेला कुठे?" हा प्रश्न वर्गातून येईपर्यंत, तो 5 बाजूला जपून ठेवणाऱ्या तिसऱ्या व्हेरिएबलचं नाव काढू नका. पायथनमध्ये एका ओळीत अदलाबदल होते, हे त्या दिवशी तर मुळीच सांगू नका.

पहिले दोन-तीन आठवडे रोज एक असा तुकडा द्या. लॅबमध्येही प्रोग्रॅम रन करण्याआधी आउटपुटचा अंदाज वहीत लिहून घ्या. अंदाज चुकला की पोरं स्क्रीनकडे जितक्या लक्ष देऊन बघतात, तितकी आपल्या स्लाइडकडे कधीच बघत नाहीत. शिवाय ज्याच्याकडे घरी लॅपटॉप नाही, त्याला हा गृहपाठ कागदावर करता येतो. अंबरनाथ-विरारहून येणाऱ्या पोरांना बसायला जागा मिळाली तर गाडीतही.

"याच्या डोक्यात प्रोग्रामिंग नाही"

स्टाफरूममध्ये हे फार लवकर ठरतं. 2001 मध्ये चार विद्यापीठांतल्या 216 विद्यार्थ्यांना, सुरुवातीचा प्रोग्रामिंग कोर्स झाल्यावर, काही प्रोग्रॅम लिहायला दिले होते. सरासरी आली 110 पैकी 23 च्याही खाली. पुढे 2004 मध्ये सात देशांतल्या विद्यार्थ्यांवर अभ्यास झाला, तेव्हा दिसलं की बऱ्याच जणांना तयार कोड वाचून त्याचं उत्तरसुद्धा नीट काढता येत नव्हतं. आधी वाचनच कच्चं असेल, तर बुद्धीवर खापर फोडून काय उपयोग? प्रोग्रामिंग कुणाला जमेल हे कोर्सच्या आधीच एका चाचणीने ओळखता येतं, असा दावा 2006 मध्ये इंग्लंडमध्ये गाजला होता. रिचर्ड बॉर्नट हे त्या दोन संशोधकांपैकी एक, आणि त्यांनीच 2014 मध्ये तो मागे घेतला.

चांदण्यांचे पिरॅमिड

जर्नलमध्ये * छापून केलेले चांदण्यांचे त्रिकोण नसतील तर सबमिशन झाल्यासारखं वाटत नाही. पण उत्तर चुकलं की बरोबर, हे ओळखायला त्या त्रिकोणात मुलाजवळ आपलं असं काही नसतं. मग तो लूप, म्हणजे त्याच ओळी पुन्हा पुन्हा चालवणारा कोड, पाठ करतो. उदाहरण असं हवं की चुकीचं उत्तर बघताच मुंबईच्या पोराला खटकलं पाहिजे.

रिक्षाचं भाडं घ्या. फेब्रुवारी 2025 पासून पहिल्या दीड किलोमीटरला 26 रुपये, पुढे दर किलोमीटरला 17.14. पहिल्या प्रयत्नात बरेच जण लिहितात:

भाडे = 26 + अंतर * 17.14

4 किलोमीटरला उत्तर येतं 94.56. मागच्या बाकावरून लगेच आवाज येतो, "एवढ्याला 95? मीटर फास्ट आहे!" चूक त्यांनीच पकडली. मग दीड किलोमीटर वजा करायचं सुचतं:

भाडे = 26 + (अंतर - 1.5) * 17.14

आता 68.85 येतं, सगळे खूश. तेवढ्यात 1 किलोमीटर टाकायला सांगा. 17.43! सतरा रुपयांत कोण नेतो? "इफ"ची, म्हणजे अट तपासण्याची, गरज इथे वर्गातूनच निघते, तुम्हाला व्याख्या द्यावी लागत नाही. मग नेमकं 1.5 टाकून बघा, रात्री 12 ते पहाटे 5 चं सव्वापट भाडं घाला, पुढच्या आठवड्यात यातूनच फंक्शन (नाव देऊन पुन्हा वापरायचा तुकडा) काढा. एकच उदाहरण महिनाभर पुरतं. चर्चगेटच्या कॉलेजात शिकवत असाल तर टॅक्सीचा दर घ्या, 31 आणि 20.66, तिकडे रिक्षा शोधून सापडायची नाही.

पायथन 3 मध्ये व्हेरिएबलला देवनागरी नाव चालतं, त्यामुळे वर लिहिलेल्या ओळी जशाच्या तशा चालतात. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना पहिल्या आठवड्यात याचा धीर येतो. सवय मात्र लावू नका. पुढे इंग्रजीच नावं लागणार आहेत.

निळा स्क्रीन

काही लॅबमध्ये टर्बो सी, म्हणजे निळ्या स्क्रीनचा तो जुना सी कंपाइलर (कोड यंत्राच्या भाषेत बदलणारा प्रोग्रॅम), अजून ठाण मांडून आहे. त्यात पूर्णांक 16 बिटांचा असतो, म्हणजे कमाल 32767. फॅक्टोरियलच्या (1 पासून त्या आकड्यापर्यंतच्या गुणाकाराच्या) प्रॅक्टिकलला 7 चं उत्तर 5040 बरोबर येतं आणि 8 ला 40320 ऐवजी −25216. मुलगा बिचारा तासभर लूप तपासत बसतो, जो मुळात बरोबरच असतो. सध्याच्या कंपाइलरवर हीच अडचण 13 ला येते, कारण तिथे 32 बिट असतात. टर्बो सी काढून टाकणं हाच खरा उपाय. ते तुमच्या हातात नसेल तर निदान हे उदाहरण मुद्दाम दाखवा.

एरर दिसली की कीबोर्ड ओढून घेणं

वीस जणांची बॅच, वेळ दोन तास, तेव्हा मोह होतोच. पण आपण सेमीकोलन टाकून पुढे गेलो की मुलगा एवढंच शिकतो की एरर आली की हात वर करायचा. त्याऐवजी त्याला एरर मोठ्याने वाचायला लावा आणि मराठीत अर्थ सांगायला लावा. सी मध्ये सगळ्यात वरची एरर आधी बघायची, खालच्या बऱ्याचदा तिच्यामुळेच आलेल्या असतात. सेमीकोलन विसरला की कंपाइलर अनेकदा पुढच्या ओळीकडे बोट दाखवतो, हेही सांगून ठेवा. पायथनमध्ये मात्र वाचायला सुरुवात शेवटच्या ओळीपासून.

एरर न देता फसवणाऱ्या चुका वेगळ्या. 4 आणि 5 ची बेरीज 45 येत असेल, तर पायथनमध्ये इनपुट मजकूर म्हणूनच राहिलंय, त्याचा आकडा करायचा राहिलाय. लूप एकदाच चालल्यासारखा वाटत असेल, तर सी मध्ये "फॉर"च्या कंसानंतर सेमीकोलन पडलाय का बघा. "इफ" कायम खरंच ठरत असेल, तर सी मध्ये == (तुलना) च्या जागी = (किंमत देणं) पडलंय का बघा. कंपाइलरच्या वॉर्निंग पहिल्या दिवसापासून चालू ठेवल्या तर यातल्या काही तिथेच सापडतात.

जर्नलवर सही

व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकाचा कोड फिरतो आणि साठ जर्नलं तयार होतात. आता तर चॅटजीपीटी आहे, कोड आणखी नीटनेटका येतो. बंदी घालून हे थांबत नाही. सही करताना कोड बघत बसण्यापेक्षा त्यातली एक ओळ बदला आणि विचारा, आता आउटपुट काय येईल? लूपची अट < ची <= करा, किंवा दोन ओळींची अदलाबदल करा. उत्तर कागदावर, रकाने आखून. एका मुलाला तीन-चार मिनिटं लागतात. अख्खी बॅच एका दिवशी होत नाही, म्हणून दर प्रॅक्टिकलला सात-आठ जण घ्या, आणि आज कुणाचा नंबर हे आधी सांगू नका. ज्याला उत्तर आलं नाही त्याची सही पुढच्या खेपेला, तोच कोड, दुसरी ओळ बदलून.