परप्रांतीयांविषयीचा रोष: सोसायटीत, कारखान्यात आणि वस्तीत काय करावे

नळाला पाणी कमी आले, घरभाडे वाढले किंवा शिकलेल्या मुलाला नोकरी मिळाली नाही, की त्याचे खापर बाहेरून आलेल्या कामगारावर फोडले जाते. याचा शेवट कोठे होतो, हे नाशिकने फेब्रुवारी 2008 मध्ये पाहिले आहे. त्या महिन्यात परप्रांतीयांवर हल्ले झाले, हजारो उत्तर भारतीय कामगार शहर सोडून गेले आणि सातपूर-अंबडच्या कारखान्यांत माणसे अपुरी पडली. अशी वेळ पुन्हा येऊ नये यासाठी सोसायटीच्या सचिवाला, घरमालकाला, कारखान्यातल्या सुपरवायझरला आणि साध्या शेजाऱ्याला पुष्कळ काही करता येते.

सर्वांत आधी तक्रार आणि माणूस वेगळे करावेत. सभेत कोणी ‘हे लोक आल्यापासून सगळे बिघडले’ असे म्हणाले, तर त्यांना गप्प करू नये आणि मानही डोलवू नये. नेमके काय बिघडले, एवढेच शांतपणे विचारावे. बहुतेक वेळा उत्तरात खरी अडचण असते. ती पाण्याची किंवा कचऱ्याची असेल तर लेखी अर्ज महापालिकेच्या विभागीय कार्यालयात द्यावा. ती नोकरीची असेल, तर शासनाच्या सवलती घेणाऱ्या उद्योगांनी किमान 80 टक्के आणि पर्यवेक्षकांच्या जागांपैकी किमान 50 टक्के नोकऱ्या स्थानिकांना द्याव्यात, हे राज्याचे धोरण दाखवून जिल्हा उद्योग केंद्राकडे विचारणा करावी. या धोरणात स्थानिक म्हणजे महाराष्ट्रात किमान 15 वर्षे वास्तव्य असलेली व्यक्ती, हेही सभेत वाचून दाखवावे. कारण ज्याला परका समजले जाते, तो अंबडमधला वेल्डर त्या व्याख्येत अनेकदा बसतो.

मजुरी घसरण्याच्या तक्रारीकडे विशेष लक्ष द्यावे, कारण रोषाचे मूळ पुष्कळदा तिथेच असते. बाहेरचा माणूस कमी पैशांत राबतो, असे म्हणताना त्याला कमी पैशांत राबवणारा ठेकेदार नजरेआड राहतो. ज्याचे हातावर पोट आहे, गावाकडे कर्ज आहे आणि शहरात ओळखीचे कोणी नाही, तो किमान वेतनापेक्षा कमी मजुरीला नाही म्हणू शकत नाही. त्याला हाकलून दिल्याने ठेकेदार सुधारत नाही, तो दुसरा गरजू माणूस शोधतो. उलट परप्रांतीय कामगारालाही पूर्ण किमान वेतन मिळू लागले, तर त्याला स्वस्त म्हणून घेण्याचे कारणच संपते आणि स्थानिक कामगाराची मजुरीही टिकते. म्हणून अशी तक्रार कामगार आयुक्तालयात न्यावी, आणि शक्य असेल तर दोन्ही कामगारांनी मिळून न्यावी. ठेकेदाराने वेतन बुडवले तर ते देण्याची जबाबदारी मूळ मालकावर येते, हे अनेक कामगारांना कोणी सांगितलेलेच नसते.

चर्चा आकड्यांवर आली तर 2011 च्या जनगणनेचा आधार घ्यावा. त्या जनगणनेनुसार देशात 45 कोटींहून अधिक लोक स्थलांतरित होते, आणि त्यांतले राज्याची सीमा ओलांडून आलेले सुमारे 5.4 कोटी होते. बाकीचे बहुतेक आपल्याच राज्यात एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी गेलेले, त्यातही लग्नामुळे गाव बदललेल्या स्त्रिया फार मोठ्या संख्येने. राज्यघटनेच्या कलम 19 ने प्रत्येक नागरिकाला देशात कोठेही फिरण्याचा, राहण्याचा आणि व्यवसाय करण्याचा हक्क दिला आहे, तर जन्मस्थानावरून राज्यसंस्थेने भेदभाव करण्यास कलम 15 मनाई करते.

तरीही आकड्यांनी मन वळतेच असे नाही. काम दाखवल्याने अधिक वळते. द्राक्षाच्या हंगामात निफाड किंवा दिंडोरीच्या एखाद्या बागेत संशयी मित्राला सोबत न्यावे. गोडी छाटणीनंतर, म्हणजे फळासाठी केलेल्या छाटणीनंतर, वेलीचे डोळे फुटतात, मग फुटवे काढणे, घड द्रावणात बुडवून काढणे, मण्यांची विरळणी करणे ही कामे ठरलेल्या दिवसांतच व्हावी लागतात. विरळणी करणारी बाई मांडवाखाली मान वर करून, हातात लहान कात्री घेऊन, एकेका घडातले नको ते मणी टिपत जाते; हात जरा जोरात पडला तर राहणाऱ्या मण्याला इजा होते आणि काम लांबले तर मणी फुगत नाही. निर्यातीच्या पेटीत जो एकसारखा घड दिसतो, तो या हातांचा असतो. या टोळ्यांत बिहार-उत्तर प्रदेशातून आलेली माणसे असतात, तशीच पेठ-सुरगाण्याची आदिवासी कुटुंबेही असतात, आणि आपल्याच जिल्ह्यातल्या या कुटुंबांनाही बागाईतदारांच्या गावात परकेपणाची वागणूक मिळते, ही मला अतिशय वेदना देणारी गोष्ट वाटते. शहरातले सेंटरिंग, फरशी, पीओपी आणि रंगकाम यांविषयी वेगळे सांगायला नको. 2027 च्या सिंहस्थासाठी रस्ते आणि घाट बांधले जात आहेत, तिथेही हेच हात आहेत.

मराठी माणूसही पोटापाण्यासाठी बाहेर जातच आला आहे, याची आठवण करून द्यावी. सांगली जिल्ह्यातल्या विटा-खानापूर भागातले गलाई व्यावसायिक देशभरच्या सराफ बाजारांत सोने-चांदी शुद्ध करतात, बीडचे ऊसतोड कामगार कर्नाटकात जातात आणि सुरगाण्याची माणसे कामासाठी गुजरातची वाट धरतात. त्यांना तिथे जशी वागणूक मिळावी असे आपल्याला वाटते, ती आधी इथे देता आली पाहिजे.

घरमालकाने भाडेकरूची माहिती पोलिसांना द्यावी आणि लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवावा; महाराष्ट्रात करारनोंदणीची जबाबदारी कायद्याने घरमालकावरच आहे. मात्र हा नियम सगळ्या भाडेकरूंना सारखाच लावावा, भाषा ऐकून नव्हे. शेजारच्या कुटुंबाकडे रेशनकार्ड गावचे असेल, तर ‘एक देश, एक रेशनकार्ड’ योजनेत अन्नसुरक्षेचे धान्य नाशिकच्या दुकानातही मिळते, हे सांगावे. दुकानदाराने नकार दिल्यास 1967 या क्रमांकावर तक्रार करता येते. मुलाकडे शाळा सोडल्याचा दाखला नाही म्हणून त्याचा प्रवेश अडवता येत नाही. शिक्षणहक्क कायद्याची ही तरतूद सांगायला आपण स्वतः पालकांसोबत शाळेत जावे, कारण एकट्या परक्या बापाचे म्हणणे टेबलापलीकडचा माणूस सहसा ऐकून घेत नाही.

भाषेबद्दलचा आग्रह मला मान्य आहे. महाराष्ट्रात राहणाऱ्याने मराठी शिकावी, असे मलाही मनापासून वाटते. पण थप्पड मारून शिकवलेली भाषा तोंडात राहत नाही. कारखान्यात सुरक्षेच्या सूचना मराठी आणि हिंदी अशा दोन्हींत लावाव्यात, सोसायटीच्या हॉलमध्ये संध्याकाळी मराठीचा वर्ग घ्यावा, आणि भाजीवाल्याशी आपण होऊन हिंदीत बोलण्याऐवजी सावकाश मराठीत बोलावे. तो चुकला तर हसू नये.

अफवेच्या वेळी मात्र विचारविनिमयाला सवड नसते. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, मुले पळवणारी टोळी आल्याच्या व्हॉट्सॲपवरच्या अफवेमुळे जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना ठार मारले. त्यांतले बहुतेक सोलापूर जिल्ह्यातले होते, मराठी बोलणारे होते. त्याच सुमारास मालेगावात एका कुटुंबावर जमाव धावून गेला, तेव्हा स्थानिक लोकांनी त्यांना घरात घेतले आणि पोलिसांनी त्यांना सुखरूप बाहेर काढले. असा संदेश आला तर तो पुढे पाठवू नये आणि ज्या ग्रुपवर आला तिथेच खोडून काढावा. गर्दी जमू लागली तर 112 वर फोन करावा, घेरलेल्या माणसाला बंद दार असलेल्या घरात किंवा दुकानात न्यावे, आणि ‘आधार दाखव’ म्हणणाऱ्यांना ओळख तपासणे हे पोलिसांचे काम आहे असे ठामपणे सांगावे. जमावात ओळखीचा कोणी दिसला तर त्याला नावाने हाक मारावी. नाव घेतलेला माणूस सहसा थांबतो.

मारहाण झालीच, तर हद्दीचा वाद न घालता कोणत्याही पोलिस ठाण्यात फिर्याद नोंदवता येते. जन्मस्थान किंवा भाषेच्या कारणावरून पाच किंवा अधिक जणांनी मिळून गंभीर दुखापत केल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम 117(4) नुसार सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि खून झाल्यास कलम 103(2) नुसार जन्मठेप किंवा फाशी. जखमीसोबत आधी रुग्णालयात आणि नंतर ठाण्यात एक स्थानिक माणूस असावाच. फिर्यादीची प्रत विनामूल्य मिळते, ती मागून घ्यावी; वकिलाची सोय नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे किंवा 15100 वर फोन करावा. आणि ते कुटुंब घाबरून गावी निघालेच, तर त्याची थकलेली मजुरी आणि खोलीची अनामत रक्कम गाडी सुटण्याआधी त्याच्या हातात पडेल, एवढे ठेकेदाराच्या आणि घरमालकाच्या दारात उभे राहून पाहावे.