वर्डमध्ये मथळा, ठळक मजकूर आणि समास: एका कळीवर

देवस्थानच्या महाजनांच्या सभेची नोटीस असो वा ग्रामसभेचे इतिवृत्त, तेच चार-पाच साचे रोज लागतात. ते हाताशी ठेवा.

रिबनवरच्या (वर्डच्या वरच्या बटणपट्टीवरच्या) हव्या त्या बटणावर उजवी क्लिक करून ‘अॅड टू क्विक अॅक्सेस टूलबार’ निवडा. या टूलबारवरच्या पहिल्या नऊ बटणांना डावीकडून ऑल्ट+१ ते ऑल्ट+९ अशा कळी आपोआप मिळतात. म्हणून सर्वाधिक लागणारे बटण डाव्या टोकाला ठेवा.

खरा वेळ वाचतो तो स्टाइलने, म्हणजे फॉन्ट, आकार, ठळकपणा एकत्र साठवलेल्या साच्याने. होम टॅबवरील ‘हेडिंग १’वर उजवी क्लिक, मग ‘मॉडिफाय’. इथेच बहुतेकजण अडकतात: फॉन्ट बदलला, तरी देवनागरी जशीच्या तशी! कारण वर्ड देवनागरीला ‘कॉम्प्लेक्स’ लिपी मानतो आणि तिचा फॉन्ट व आकार वेगळा ठेवतो. त्याच खिडकीतल्या लिपीच्या यादीत ‘कॉम्प्लेक्स’ निवडून मगच फॉन्ट ठरवा. कोकिळा फॉन्ट मंगलपेक्षा बारीक दिसतो, तेव्हा १२ ऐवजी १६ घेऊन पाहा.

खाली ‘फॉरमॅट’मधून ‘शॉर्टकट की’ उघडा, ऑल्ट+कंट्रोल+७ दाबा. ‘करंटली असाइन्ड टू’समोर दुसऱ्या आज्ञेचे नाव दिसले, तर दुसरी कळ घ्या, नाहीतर जुनी आज्ञा त्या कळीवरून जाते. ‘असाइन’ दाबायला विसरू नका.

शेवटी ‘मॉडिफाय’च्या खिडकीत परत येऊन ‘न्यू डॉक्युमेंट्स बेस्ड ऑन धिस टेम्प्लेट’वर खूण करा. ती राहिली, तर केलेला बदल त्या एका फाइलपुरताच उरतो.

चिकटवलेला मजकूर बिघडला, तर निवडून कंट्रोल+स्पेस.