परदेशात मित्राच्या घरी रात्री अलार्म किंचाळला तर

अडीच-तीनच्या सुमारास छताला लावलेली पांढरी डबी (धूर किंवा विषारी वायूचा इशारा देणारा अलार्म) वाजायला लागली, की आधी आवाज मोजा. एकच तीक्ष्ण 'चिक्', मग अर्धा-एक मिनिट शांतता, पुन्हा 'चिक्': बॅटरी संपत आलीय. तीन बीप, विराम, पुन्हा तीन: धूर. चार झटपट बीप, सुमारे पाच सेकंद विराम, पुन्हा चार: कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू. हे ठेके सगळीकडे सारखे नसतात, म्हणून सतत वाजणारा कुठलाही अलार्म खराच समजायचा.

धुराचा इशारा असेल तर मित्राला हाका मारा आणि खोलीचं दार उघडण्याआधी हाताची मागची बाजू दाराला लावून पाहा. दार गरम लागलं तर उघडू नका. फटीत चादर कोंबा, खिडकीशी जा, फोन करा. थंड असेल तर बाहेर पडा, धूर असल्यास रांगत, आणि मागची दारं ओढून घ्या. लिफ्ट नको. पासपोर्टही राहू द्या. पाहुणे खरे अडतात ते मुख्य दाराशी, कारण काही घरांत ते आतूनही किल्लीनेच उघडतं. किल्ली कुठे असते ते पहिल्याच संध्याकाळी विचारा, आणि घराचा पूर्ण पत्ता फोनमध्ये लिहून ठेवा. तातडीच्या मदतीचे नंबर: युरोपीय संघात ११२, ब्रिटनमध्ये ९९९, अमेरिकेत ९११, ऑस्ट्रेलियात ०००.

कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, तेव्हा हुंगून काही कळणार नाही. डोकं दुखणं, मळमळ, चक्कर ही लक्षणं. सगळ्यांना उठवून बाहेर काढा आणि फोन बाहेरूनच करा. मोकळ्या हवेत बरं वाटलं म्हणून परत आत जायचं नाही.

आता ते 'चिक्'. रात्रीच का? पहाटेकडे घर गार होतं, थंडीत बॅटरीचा व्होल्टेज उतरतो आणि इशाऱ्याच्या मर्यादेखाली जातो. सकाळी घर तापलं की डबी पुन्हा गप्प! आवाज इतका तोकडा आणि उंच पट्टीतला असतो की दिशा लागत नाही. एकेका डबीखाली उभं राहून पुढच्या 'चिक्'ची वाट पाहा.

सापडल्यावर मित्राला उठवाच. घर त्याचं आहे. बहुतेक डब्या घड्याळाच्या उलट दिशेने थोड्या फिरवल्या की सुटतात. आत ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी किंवा पेन्सिल सेल असतात. बॅटरी काढूनही डबी चिरकत राहिली तर आत उरलेल्या चार्जमुळे. टेस्टचं बटण १५-२० सेकंद दाबून धरा. वायर जोडलेली असेल तर ओढाताण करू नका. बॅटरी सीलबंद असेल तर अख्खी डबीच बदलावी लागते, आणि मागे छापलेली निर्मितीची तारीख १० वर्षांहून जुनी असेल तरीही.


नवी बॅटरी घातल्यावर टेस्टचं बटण दाबून आवाज येतो का ते बघा. तेवढं मात्र शेजारी उठल्यावर.