क्लबच्या सभेत पाहुण्यांचं व्याख्यान कसं ठेवावं

रोटरी क्लबचा पदग्रहण समारंभ पार पडतो, नव्या अध्यक्षांच्या गळ्यात पदाचा मानाचा पट्टा, म्हणजे कॉलर येते आणि जुलैच्या पहिल्याच आठवड्यात प्रोग्रॅम कमिटीपुढं प्रश्न उभा राहतो: वर्षभर वक्ते आणायचे कुठून? रोटरीच्या नियमानं क्लबला महिन्यातून किमान दोन सभा घ्याव्या लागतात, म्हणजे वर्षाला चोवीस. त्यातून पदग्रहण, रोटरी डिस्ट्रिक्टच्या गव्हर्नरांची भेट, कौटुंबिक मेळावे आणि प्रकल्पांच्या सभा वजा केल्या तर बारा-चौदा व्याख्यानं उरतात. एवढी व्याख्यानं चांगली होणं अजिबात अवघड नाही. व्याख्यान ऐकायची सवय आपल्याकडं जुनीच आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी सुरू केलेली पुण्याची वसंत व्याख्यानमाला १८७५ सालची. माणसं ऐकायला येतात. आपण त्यांना वेळेवर आणि नीट ऐकू दिलं पाहिजे.

पहिली पायरी: यादी गावातूनच करा

मोठ्या नावाच्या मागं लागू नका. जिल्ह्याच्या ठिकाणाहून येणारा नामांकित वक्ता आयत्या वेळी तारीख बदलतो आणि त्याचं ठरलेलं भाषण बहुतेकांनी कुठंतरी ऐकलेलं असतं. त्यापेक्षा आपल्या तालुक्यात कोण काय जाणतं ते पाहा. वीज मंडळाचा वायरमन, ग्रामीण रुग्णालयातली परिचारिका, बाजार समितीतला जुना अडत्या, अंगणवाडी सेविका, पोस्टमास्तर. यांना व्यासपीठावर कुणी सहसा बोलावत नाही, आणि सांगण्यासारखं यांच्याकडंच खूप असतं.

मग विषय महिन्याला जोडा. वायरमन जूनच्या शेवटी किंवा जुलैत बोलवा, तारा तुटून पडतात तेव्हा. सर्पदंशावरचं व्याख्यानही पावसाळ्यातच हवं: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं ओळखायचे कसे, दंशावर चीर का द्यायची नाही, आवळून का बांधायचं नाही, मांत्रिकाकडं वेळ न घालवता प्रतिविष असलेलं रुग्णालय कसं गाठायचं. सर्पमित्राला बोलावणार असाल तर जिवंत साप सभेत आणायचा नाही, हे आधीच स्पष्ट करा. वन्यजीव संरक्षण कायदा आहेच, शिवाय सापाच्या खेळात माहिती बाजूला राहते.

२४ ऑक्टोबर हा पोलिओ दिन. भारतातला शेवटचा पोलिओरुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावड्यात आढळला आणि मार्च २०१४ मध्ये भारतासह दक्षिण-पूर्व आशिया पोलिओमुक्त जाहीर झाला. पोलिओ निर्मूलनाच्या मोहिमेत घरोघर फिरून डोस पाजलेली एखादी सेविका तुमच्या गावात नक्की असेल. त्या दिवशी तिलाच बोलवा.

दुसरी पायरी: निमंत्रण

तीन आठवडे आधी प्रत्यक्ष भेटा किंवा फोन करा. नुसता मेसेज टाकून मोकळं होऊ नका. त्या फोनवर एवढं सांगितलंच पाहिजे: श्रोते किती आणि कोण, बोलायला पंचवीस मिनिटं, प्रश्नांना पंधरा, प्रोजेक्टर आहे की नाही, आणि मानधन देणार की नाही. मानधन देत नसाल तर आडवळणानं बोलू नका. प्रवासखर्च मात्र न मागता द्या, कारण वायरमन किंवा परिचारिका आपली पाळी बदलून येते.

जो कधी सभेत बोललेला नाही, त्याला ‘भाषण करा’ म्हटलं की तो घाबरतो. त्याला तीन प्रश्न लिहून द्या. वायरमनला विचारा: तार पडलेली दिसली तर पहिल्या दोन मिनिटांत काय करायचं? लोक कोणती चूक सर्वांत जास्त करतात? तुमच्या कामातला अवघड दिवस कोणता? एवढ्यावर तो अर्धा तास सहज बोलेल.

तिसरी पायरी: सभेचा क्रम

सगळी गडबड इथंच होते. सभेची वेळ साडेसात, सभा सुरू करायची घंटा वाजते आठला. मग राष्ट्रगीत, वाढदिवस, लग्नाचे वाढदिवस, सचिवांच्या सूचना, मागच्या प्रकल्पाचा अहवाल, दोन सत्कार, आणि वक्ता उभा राहतो तेव्हा पावणेनऊ झालेले असतात. मागं केटरर भांडी मांडत असतो. माझ्या मते क्लबची उपस्थिती घसरायला याच्याइतकं मोठं कारण दुसरं नाही. पाहुण्याला सव्वा तास ताटकळत ठेवणं हा त्याचा अपमान आहे, मग शाल कितीही भारी असो.

घंटा साडेसातलाच वाजवा, दहाच माणसं असली तरी. वक्ता पावणेआठला बोलायला उभा राहिलाच पाहिजे. वाढदिवस आणि सूचना व्याख्यानानंतर घ्या. पुष्पगुच्छ पुरे, मोमेंटोवर जाणारा पैसा प्रवासखर्चाला वळवा.

परिचय दीड मिनिटाचा असावा. पदव्यांची जंत्री वाचू नका. हा नमुना पाहा: ‘आजच्या वक्त्या आपल्या ग्रामीण रुग्णालयात परिचारिका आहेत. साप चावलेला माणूस आला की त्याला सगळ्यांत आधी त्याच पाहतात. घरून दवाखान्यात पोचेपर्यंत काय करायचं आणि काय टाळायचं, हे त्या सांगतील.’ एवढं झालं की माइक त्यांच्या हातात द्या. माइक मात्र सात वाजता स्वतः बोलून तपासलेला असावा.

पहिला प्रश्न विचारायला कुणी धजत नाही, म्हणून एका सभासदाला आधीच सांगून ठेवा. प्रश्नाच्या नावाखाली कुणी स्वतःचंच भाषण सुरू केलं तर अध्यक्षांनी नम्रपणे, पण लगेच थांबवावं. आभार तीन वाक्यांत माना आणि त्यातलं एक वाक्य व्याख्यानात ऐकलेल्या गोष्टीबद्दल असू द्या.

चौथी पायरी: फेलोशिप, म्हणजे जेवण आणि गप्पा

जेवण व्याख्यानानंतरच. वक्त्याला कुणाच्या तरी स्वाधीन करा. तो सभासद त्यांच्याबरोबर ताट घेईल, जेवेल आणि गाडीपर्यंत सोडायला जाईल. नव्या सभासदालाही पहिले दोन महिने असाच एक सोबती द्या. तो कोपऱ्यात एकटा जेवून दोनदा घरी गेला, तर तिसऱ्यांदा येत नाही.

निव्वळ गप्पांच्या सभा वेगळ्या ठेवा आणि हॉटेलाबाहेर काढा. शिकागोत १९०५ साली पॉल हॅरिस आणि त्यांच्या तीन मित्रांनी रोटरी सुरू केली, तेव्हा सभा आळीपाळीनं एकेकाच्या कचेरीत भरत. तीच रीत आजही चालवता येते. कोजागरीला कुणाच्या गच्चीवर मसाला दूध, थंडीत सभासदाच्या शेतावर हुरडा, कधी एखाद्याच्या छापखान्यात किंवा गिरणीत चहा. माणूस आपल्या कामाच्या जागी मोकळा बोलतो. घरच्या मंडळींना बोलवा, पण स्वयंपाकाचा भार यजमानांच्या घरातल्या बाईवर टाकू नका; प्रत्येकानं एकेक पदार्थ आणावा.

पाचवी पायरी: दुसऱ्या दिवशी

वक्त्याला फोन करून आभार माना आणि त्यांच्या बोलण्यामुळं काही ठरलं असेल तर कळवा: परिचारिकेचं तेच व्याख्यान दोन शाळांत ठेवायचं ठरलं, वायरमननं सांगितलेल्या सूचनांचा फलक ग्रामपंचायतीत लावायचा ठरला. व्याख्यानातून असं काम निघालं की सेवा प्रकल्प वेगळे शोधावे लागत नाहीत.

वक्त्यांची एक वही ठेवा. नाव, विषय, तारीख, श्रोत्यांनी विचारलेले चांगले प्रश्न, आणि पुन्हा बोलवावं का, याबद्दल एक ओळ. जूनच्या शेवटच्या सभेत ती पुढच्या कमिटीकडं सोपवा.