मेसेजला कुलूप आहे, पण पाठवणारा कोण?

लातूरच्या अडतीवर सोयाबीन घातलं, पट्टी झाली, आणि संध्याकाळी अडत्याला तुमच्या मुलाच्या नावानं व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज गेला: ‘काका, बाबांचं खातं बंद पडलंय, पैसे या नव्या खात्यावर टाका.’ फोटोही मुलाचाच. इथं एन्क्रिप्शनवर, म्हणजे मेसेज सांकेतिक करून पाठवण्यावर, विसंबून चालत नाही. ते वाटेतलं कुलूप आहे. मधला कुणी मजकूर वाचू किंवा बदलू शकत नाही, पण पाठवणारा खरा की खोटा हे ते सांगत नाही. नाव-फोटो कुणीही लावू शकतो.

म्हणून मेसेज ज्या वाटेनं आला, त्याच वाटेनं खात्री करू नका. आधीपासून सेव्ह असलेल्या नंबरवर फोन लावा. खात्याचे शेवटचे चार आकडे समोरच्याला सांगायला लावा. आपण वाचून दाखवून ‘हेच ना?’ असं विचारू नका. घाईत नेमकं तेच होतं.

घरातल्यांचं एकदा समोरासमोर तपासून घ्या. चॅटमध्ये नावावर दाबून ‘एन्क्रिप्शन’ उघडा. तिथले ६० आकडे, म्हणजेच सुरक्षा कोड, दोन्ही फोनवर तंतोतंत जुळले पाहिजेत. पुढं कधी ‘सुरक्षा कोड बदलला’ असं दिसलं, तर नवा फोन घेतला का, हे बोलून विचारा.

व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंगमध्ये टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा, म्हणजे दुसऱ्या कुलपाचा, सहा आकडी पिन आजच लावा. ‘पीक विमा यादी’ नावाची एपीके फाईल (फोनमध्ये अ‍ॅप टाकणारी फाईल) सख्ख्या भावाकडून आली तरी उघडू नका. त्याचाच फोन दुसऱ्याच्या ताब्यात असू शकतो. पैसे गेलेच तर सकाळची वाट न बघता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.