रोमला जाताय? आधी पासपोर्ट आणि पाकीट सांभाळा
इटलीला जाणार असाल तर एक गोष्ट आत्ताच डोक्यात पक्की करा, तिथे मारामारीची भीती फार नाही पण पाकीटमार भयंकर आहेत, आणि दिसायला अगदी साधे, चांगल्या कपड्यातले असतात त्यामुळे संशयच येत नाही. रोमचं तेर्मिनी स्टेशन, मेट्रोची ए लाईन, व्हॅटिकनकडे जाणारी ६४ नंबरची बस, इथे दारापाशी उभं राहूच नका, दार बंद होताना हात मारतात आणि उतरून पसार. पासपोर्ट कपड्यांच्या आत पाऊचमध्ये, झेरॉक्स वेगळ्या बॅगेत, फोटो ईमेलवर. कोणी हातात धागा बांधायला किंवा गुलाब द्यायला आलं तर थांबू नका, सरळ पुढे चला.

पासपोर्ट गेलाच तर आधी पोलीस तक्रारीची प्रत घ्या, मग रोमची आपली एम्बसी नाहीतर मिलानचं कॉन्सुलेट. इमर्जन्सीला ११२, कॉल फ्री आहे. रिजनल ट्रेनचं कागदी तिकीट चढायच्या आधी स्टेशनवरच्या मशीनमध्ये पंच करायचं, नाहीतर दंड. आणि रोममध्ये पाण्याच्या बाटल्या विकत कशाला घेता, रस्तोरस्ती नळ वाहत असतात, पाणी थंडगार आणि पिण्याचंच असतं.