फील्ड पोस्टिंगला आलात ना? पहिला आठवडा नुसतं बघा

परदेशातल्या एका जिल्हा रुग्णालयात आठ आठवड्यांच्या पोस्टिंगसाठी मी पहिल्यांदा आले, तेव्हा शेवटच्या वर्षाला होते. पुढे डॉक्टर झाल्यावर त्याच देशात परत आले आणि इथलीच झाले. आता दरवर्षी वेगवेगळ्या देशांतले वैद्यकीय विद्यार्थी आमच्याकडे येतात. सामान टाकल्या टाकल्या प्रत्येकाचा एकच प्रश्न असतो, "मॅडम, मी नेमकं काय करू?" त्याचं उत्तर उभ्या उभ्या देता येत नाही, म्हणून हे लिहिते आहे. तुम्ही कुठल्याही देशात गेलात तरी यातलं बहुतेक तुम्हाला लागू पडेल.

पहिला आठवडा काही करू नका, नुसतं बघा. हे ऐकून मुलं हिरमुसतात. मला ते समजतं. पैसे जमवून, लसी टोचून घेऊन, परवानग्यांसाठी महिनोन्‌महिने खेटे घालून तुम्ही आलेले असता आणि हातात असतात मोजके आठवडे. पण वॉर्डात ऑक्सिजन काँसन्ट्रेटर किती आहेत, वीज गेली की जनरेटर लागायला किती वेळ जातो, रात्री रक्त लागलं तर ते कुठून येतं, कुठलं औषध संपलंय आणि त्याच्याऐवजी काय देतात, हे ठाऊक नसताना तुम्ही सुचवलेला प्रत्येक उपचार हवेतला असतो. वहीत हे सगळं टिपून ठेवा. तिसऱ्या दिवशीच तुमचे प्रश्न बदललेले दिसतील.

बघायचं कोणाकडे? सिस्टरकडे. हे मी अगदी मनापासून सांगते. गेल्या पावसाळ्यात नऊ महिन्यांचं खोकणारं बाळ घेऊन एक आई आली. आमच्या विद्यार्थिनीने स्टेथोस्कोप लावला, बराच वेळ ऐकलं आणि एक्स-रे मागितला. एक्स-रेचं यंत्र बंद होतं. सिस्टर पुढे झाल्या. रडणारं बाळ त्यांनी आईच्या खांद्यावर शांत होऊ दिलं, मग हलक्या हाताने त्याचं झबलं वर केलं, घड्याळ छातीच्या रेषेत धरलं आणि पूर्ण एक मिनिट एक शब्द न बोलता श्वास मोजले. अठ्ठावन्न. या वयात मिनिटाला ५० किंवा त्याहून जास्त श्वास म्हणजे जलद श्वास. एक ते पाच वर्षांच्या मुलात ही रेषा ४० वर येते आणि दोन महिन्यांच्या आतल्या बाळात ६० वर. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जातोय का, बाळ दूध पितंय का, हे पाहून त्यांनी न्यूमोनियाचं औषध सुरू केलं. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करायची सवय असेल तर ती सोडा. तान्ह्या बाळाचा श्वास एकसारखा चालत नाही, मध्येच थबकतो, मध्येच धावतो. तुमची दुप्पट केलेली संख्या त्या थबकण्यात चुकते.

तशीच दंडाचा घेर मोजायची ती रंगीत पट्टी. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा घेर ११५ मिलिमीटरच्या खाली गेला तर ते तीव्र कुपोषण. पट्टी किती घट्ट ओढायची हे पुस्तकातून कळत नाही. वीस-पंचवीस मुलांना लावून झाल्यावर बोटांना कळतं. ती वीस-पंचवीस मुलं पहिल्या आठवड्यातच मिळतील, मागून घ्या.

क्लिनिकल ऑफिसर, म्हणजे डॉक्टर नसले तरी रुग्ण तपासायचं आणि उपचार करायचं शिक्षण घेतलेले लोक, ही मंडळीही बऱ्याच जणांना नवीन असतात. एमबीबीएससारखी पदवी नाही म्हणून त्यांना दुय्यम समजणारे विद्यार्थी मी पाहिलेत, आणि तो समज चार दिवसांत गळून पडतानाही पाहिलंय. मोझांबिकमध्ये १९८४ पासून डॉक्टर नसलेल्या तंत्रज्ञांना शस्त्रक्रियेचं शिक्षण दिलं गेलं. तिथल्या एका अभ्यासात असं दिसलं, की जिल्हा पातळीवरच्या रुग्णालयांत प्रसूतीशी संबंधित मोठ्या शस्त्रक्रियांपैकी ९२ टक्के याच लोकांनी केल्या होत्या. आफ्रिकेतल्या कित्येक जिल्ह्यांत रात्री दोन वाजता सिझेरियन करणारा माणूस हाच असतो. त्याच्या शेजारी उभं राहायला मिळालं तर ती संधी सोडू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. जे काम तुमच्या कॉलेजच्या रुग्णालयात तुम्हाला देखरेखीशिवाय करू दिलं नसतं, ते इथेही करायचं नाही. ऐकायला सोपं वाटतं, पण वेळ येते तेव्हा फार अवघड जातं. माणसं कमी, रांग बाहेरपर्यंत गेलेली, अंगावर पांढरा कोट आणि कोणीतरी हातात सुई देतं, "कर की, तेवढीच मदत." देणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. कधी तो खरंच थकलेला असतो, कधी पाहुण्याला नाही म्हणणं त्याला जड जातं, कधी त्याला वाटतं की तुम्ही डॉक्टरच आहात.

मी त्या सुईला हो म्हटलं होतं. तापाने फणफणलेला, मान ताठ झालेला पाच वर्षांचा मुलगा होता. मेंदूज्वर आहे का हे तपासायला पाठीतलं पाणी काढायचं होतं. मी ते दोनदा पाहिलं होतं, केलं कधीच नव्हतं, आणि हे कोणाला सांगितलं नाही. पहिली सुई हाडावर गेली, दुसरीही. तिसरीत रक्त आलं. आईने मुलाचे गुडघे पोटाशी धरून ठेवले होते आणि दर वेळी ती माझ्या चेहऱ्याकडे बघत होती. शेवटी क्लिनिकल ऑफिसरने एका प्रयत्नात ते काम केलं, पण नमुन्यात रक्त मिसळलेलं होतं, पेशींच्या मोजणीवर विसंबता येईना. मेंदूज्वर आहे की नाही हे नक्की न कळल्यामुळे त्या मुलाला इंजेक्शनांचा पूर्ण कोर्स घ्यावा लागला. मुलगा बरा होऊन घरी गेला. तरी त्याच्या पाठीवरची ती तीन भोकं आजही माझ्या डोळ्यांसमोर आहेत.

म्हणून मी प्रत्येकाला पहिल्याच दिवशी तिथल्या भाषेतलं एक वाक्य पाठ करायला लावते: "मी विद्यार्थी आहे. हे मी एकट्याने केलेलं नाही. तुम्ही शेजारी थांबाल का?" नमस्काराच्या आधी हे शिका. रुग्णालाही तुम्ही विद्यार्थी आहात हे सांगायचं, दर वेळी. परदेशातल्या प्रशिक्षणाच्या नीतिनियमांवर २०१० मध्ये एका आंतरराष्ट्रीय गटाने मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध केली. विद्यार्थ्याइतकीच जबाबदारी ती पाठवणाऱ्या आणि ठेवून घेणाऱ्या संस्थांवरही टाकतात. निघण्यापूर्वी कॉलेजला विचारा: तिथे माझा सुपरवायझर कोण, तो रजेवर गेला तर कोण, आणि माझ्यासाठी खर्ची पडणाऱ्या त्यांच्या वेळेचा मोबदला त्यांना काय मिळतो? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक कॉलेजांना चटकन देता येत नाही. म्हणूनच तो विचारा.

भाषेबद्दल एक गोष्ट. दुभाषी म्हणून रुग्णाच्या मुलाला कधीही वापरू नका. मी एका बाईला तिच्या दहा वर्षांच्या मुलामार्फत विचारत बसले होते, पोटात कधीपासून दुखतं, रक्तस्राव होतो का. मुलगा म्हणाला, "नाही म्हणते." सिस्टरने मुलाला बाहेर पाठवून तोच प्रश्न विचारला, तेव्हा कळलं की तीन दिवस रक्त जात होतं. मुलासमोर ती बाई ते बोलणार कशी? दुभाषी नसेल तर थांबा. आणि असेल तेव्हा त्याच्याकडे बघून बोलू नका, रुग्णाकडे बघून बोला.

"इथे काहीच नाही," हे वाक्य वॉर्डात उच्चारू नका. ते चूकही आहे. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याची साथ होती आणि सलाईन संपत आलं होतं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज यांची पाकिटं करून पाण्यात मिसळून नातेवाइकांच्या हातात दिली. मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आलं. आज जगभर ओआरएस वापरतात, त्यामागे त्या छावणीत जमिनीवर झोपलेल्या रुग्णांचा मोठा वाटा आहे. गंभीर मलेरियाच्या मुलांना जुन्या क्विनीनऐवजी आर्टेसुनेट हे औषध द्यावं, हे २०१० मध्ये सिद्ध झालं ते आफ्रिकेतल्या नऊ देशांतल्या ५,४२५ मुलांवरच्या अभ्यासातून. अशाच वॉर्डांतून.

आरोग्यसेविकेबरोबर गावात जायला मिळेल तेव्हा तिच्या पुढे चालू नका. दारात आधी ती उभी राहील, बोलणं ती सुरू करेल. बाळंतपणातल्या मृत्यूंबद्दल १९९४ मध्ये मांडलेलं तीन विलंबांचं सूत्र तुम्ही वाचलं असेल: निर्णयाला उशीर, पोहोचायला उशीर, पोहोचल्यावर उपचाराला उशीर. ते घरात बसून समजून घ्या. रात्री कळा सुरू झाल्या तर कोणाला विचारावं लागतं, गाडी कोणाकडे आहे, नदी कधी चढते, असं विचारा. आणि रुग्णालयात आल्यावर पहिला तास कसा गेला, हेही विचारा. उत्तर ऐकून मान खाली जाईल. तरी विचारा.

फोटोबद्दल माझं मत कडक आहे: रुग्णाचा फोटो काढायचाच नाही. परवानगी दिली असं तुम्ही म्हणाल, पण उपचार तुमच्या हातात असताना तुम्हाला नाही म्हणणार कोण? भेटवस्तूंचंही तसंच. औषधांची पिशवी भरून आणण्याआधी फार्मासिस्टला विचारा. दान दिलेल्या औषधाची मुदत पोहोचल्यावर निदान एक वर्ष शिल्लक असावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. मुदत संपलेली औषधं नष्ट करण्याचा खर्च आमच्याच गळ्यात पडतो.

आता तुमच्या जिवाची काळजी. पीतज्वराची (यलो फिव्हरची) लस लागणाऱ्या देशात जाणार असाल तर ती पोहोचण्याच्या निदान दहा दिवस आधी घ्या, प्रमाणपत्र त्याआधी वैध होत नाही. २०१६ पासून ते आयुष्यभर चालतं. मलेरिया टाळण्याच्या गोळ्या परत आल्यावरही चालू ठेवायच्या असतात, डॉक्सिसायक्लिन असेल तर चार आठवडे. कुत्रा चावला तर जखम साबण-पाण्याने पूर्ण पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी लसीसाठी या. क्षयाच्या वॉर्डात एन-९५ मास्क, साधा मास्क चालत नाही. पण मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती रस्त्याची. मोटारसायकल-टॅक्सीवर बसू नका, रात्री लांबचा प्रवास करू नका. कितीही उशीर होत असला तरी.

रुग्णाला वापरलेली सुई तुम्हालाच टोचली तर? आमच्याकडच्या एका मुलाने ते दोन दिवस लपवलं, शरमेपायी. एचआयव्ही टाळण्याची औषधं जितकी लवकर तितकी चांगली, आणि ७२ तासांच्या आत सुरू व्हावीच लागतात. मग २८ दिवस घ्यायची. तो पन्नासाव्या तासाला आला. सुदैवाने पुढे सगळं ठीक निघालं. जागा पाण्याने आणि साबणाने धुवा, पिळू नका, आणि त्याच तासात सुपरवायझरला गाठा. औषधाचं पहिलं पाकीट कोणत्या कपाटात आहे आणि किल्ली कोणाकडे असते, हे पहिल्या आठवड्याच्या वहीत लिहिलेलं असू द्या.

एखादं मूल तुमच्यासमोर जाईल. जे यंत्र तुमच्या कॉलेजात होतं ते इथे नव्हतं, म्हणून जाईल. त्या रात्री एकटे खोलीत बसू नका. ज्या सिस्टरने त्याला शेवटचं धरलं होतं तिच्याजवळ जाऊन बसा. तिला कोणी विचारलेलं नसतं.

निघताना तुम्ही पाहिलेल्या रुग्णांची यादी सुपरवायझरसोबत बसून एकेक करून हवाली करा. घरी पोहोचल्यावर आठ-दहा आठवड्यांनी क्षयाची चाचणी करून घ्या. आणि ताप आला, अगदी तीन महिन्यांनी आला, तरी "फ्लू असेल" म्हणून अंगावर काढू नका. त्याच दिवशी दवाखान्यात जा आणि तोंड उघडताच सांगा, कुठून आलात ते. मलेरियाची तपासणी करा म्हणावं. पहिली निगेटिव्ह आली तर आणखी दोनदा, बारा ते चोवीस तासांच्या अंतराने.